फायबरकाकी आणि दोन बुडांची खाट

फायबरकाकी कुणालाही 'या, बसा' म्हणायच्या नाहीत. शेडच्या दारात सावली पडली की मान वर न करता विचारायच्या, "काय फोडलंस?" बाथरूमच्या दाराचं माप घेऊन आलेला बिल्डरचा सुपरवायझर असो, मासळीचे ट्रे न्यायला आलेली बाई असो, सगळ्यांना हाच प्रश्न आणि सगळ्यांना 'तू'. एकदा गावातले डॉक्टर टाकीचं झाकण तयार झालं का बघायला आले. "मी काही फोडलेलं नाही हो," ते हसत म्हणाले. "मग माझा टाइम कशाला फोडतोस?" काकी म्हणाल्या, आणि ग्राइंडर चालू केला. डॉक्टर धुळीत उभे राहिले आणि मग निघून गेले.

पनवेलच्या खाडीकाठी, गावातल्या होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात तिथे, बांधाच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. आत रेझिनच्या चिकट रसायनाचा तो डोक्यात जाणारा वास, भिंतीला टेकवलेले साचे, आणि सगळ्यावर काचेच्या बारीक धाग्यांची पांढरी धूळ. ती धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही. काकी लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, तरी त्यांच्या मनगटांवर कायम ओरखडे असत. गावात त्यांचं खरं नाव हाक मारायला कुणी वापरत नसे. फायबरचं काम करणारी म्हणून फायबरकाकी.

धंदा मुळात नवऱ्याचा. मी खारघरला राहतो आणि कामोठ्यात अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या नौदल विभागात शिडाची होडी चालवायला शिकलो आणि ते खूळ आयुष्यभर राहिलं. माझ्याकडे एक जुनी, एका बुडाची छोटी शिडाची होडी होती. तिचा वरचा भाग नव्याने घालायला मी काकांकडे दिला, आणि काम निम्म्यावर असताना काका गेले. पंधरा-वीस दिवस थांबून मी शेडवर गेलो. दुःखाच्या घरी काम कसं मागायचं, म्हणून हळूच म्हटलं, "काकी, होडी आहे तशीच घेऊन जातो. तुम्ही काळजी करू नका."

"अर्धं काम हितून जात नाय," त्या म्हणाल्या.

"पण करणार कोण?"

"मी काय हितं बारा वर्षं भजी तळत होते?"

त्याच आठवड्यात साचे स्वस्तात मिळतील म्हणून दोन कारखानेवाले येऊन गेले होते. दोघांनाही त्यांनी हाकलून लावलं होतं. माझी होडी त्यांनी एकटीने पुरी केली. महिना लागला. त्यानंतर मी ती होडी अकरा वर्षं चालवली, पण त्यांनी घातलेल्या भागाला कधी केसाएवढी चीर गेली नाही. मी हे त्यांना एकदा कौतुकाने सांगितलं. "चीर जायला काय झालंय?" एवढंच उत्तर मिळालं.

त्यांच्या कमरेला एक स्टीलचा चमचा खोचलेला असे. कुठलीही वस्तू समोर आली की त्या चमच्याच्या पाठीने ती ठोकत ठोकत पुढे सरकत. फायबर चांगलं असेल तर टणटण वाजतं. आत पाणी शिरून थर सुटले असतील तर बद्द आवाज येतो. हे त्यांनी मला समजावून सांगितलेलं नाही. असं काही समजावून सांगायचा त्यांचा स्वभावच नव्हता. बद्द आवाज आला की त्या ती वस्तू आणणाऱ्या माणसाकडे अशा बघत, की जणू त्याच्याच छातीतून तो आवाज आलाय.

पन्नाशी ओलांडल्यावर माझे गुडघे बोलू लागले. एका बुडाच्या होडीत सारखं वाकावं लागतं, वारा वाढला की कडेवर बसून पाठ बाहेर टाकावी लागते, आणि एवढं करूनही ती उलटतेच. माझी बायको मीनल एकदा उलटून चिखलात पडली आणि म्हणाली, आता ही होडी तरी किंवा मी तरी. तेव्हा मी ठरवलं की कॅटामरान घ्यायची. दोन अरुंद होडकी शेजारी शेजारी ठेवून आडव्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांनी जोडलेली असतात, आणि मध्ये जाळीचं कापड ताणून बांधलेलं असतं. बसायचं त्या कापडावर. वाकणं कमी, उलटणं कमी. नवी घ्यायची ऐपत नव्हती. गोव्यातल्या एका गृहस्थाची वापरलेली मिळत होती. फोटोत ती आरशासारखी चमकत होती. मी फोटो बघून घेतली.

जुनी होडी मात्र कुणी घेईना. शेवटी पळस्प्याच्या बाजूला हायवेलगत लग्नाचं लॉन चालवणाऱ्या एका माणसाने ती शोभेसाठी नेली. दारात जागा अडवून बसली होती, ती रिकामी झाली, आणि मी सुटलो.

कॅटामरान टेम्पोतून आली. गोव्याचा रस्ता पळस्प्याला संपतो तिथे मी टेम्पोला गाठलं आणि घरी न जाता सरळ शेडवर नेलं. चार माणसांनी ती उतरवली. काकी हात पुसत बाहेर आल्या, दोन्ही होडक्यांकडे बघितलं, मधल्या कापडावर हाताने दाबून बघितलं.

"होडी हाय का खाट?"

"कॅटामरान म्हणतात काकी हिला."

"खाटच हाय. आनी ती कुठं हाय? आपली?"

'आपली' म्हणाल्या, ते माझ्या लक्षात आलं आणि मी घाबरलो. लॉनचं सांगायला धीर होईना. म्हटलं, "अलिबागच्या एकाला दिली. तोही शिडं चालवतो. चांगल्या घरी पडली."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग कमरेचा चमचा काढला.

उजवं होडकं टणटण वाजलं. डावं मागून अर्ध्यापर्यंत टणटण वाजलं आणि पुढची आडवी नळी जिथे बोल्टने बसवली होती तिथे बद्द. आणखी पुढे, बद्द. त्यांनी नखाने रंग खरवडला, खाली पुट्टी निघाली. पुट्टीत स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि भोकातून काळं पाणी आलं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून आतला फोम कुजला होता. त्या सांध्यावर सगळी होडी तोललेली असते.

"गोव्याला जाऊन बघितलीस?"

"नाही. फोटो पाठवले होते."

"मास्तर, पोरांना काय शिकवतोस तू? फोटो बघून शिकवतोस?"

टेम्पोवाला हसला. मला त्या क्षणी ती बाई अजिबात आवडली नाही, आणि खरं सांगायचं तर पुढचे काही महिने आवडणार नव्हती.

काम सुरू झालं. डाव्या होडक्याचा वरचा भाग कापून त्यांनी कुजका फोम खरवडून काढला. आत बल्ब सोडून ते दिवसचे दिवस वाळत ठेवलं. मी रोज सकाळी जायचो, कारण शिकवण्या दुपारनंतर असत. रोज काहीतरी ऐकून घ्यायचो. वाळायला एवढा वेळ का, असं विचारलं तर, "घाई हाय तर पापड घाल." ऑनलाइन मागवलेली भारी पुट्टी दाखवली तर डबा उघडूनही न बघता कोपऱ्यात भिरकावली. "पुट्टीनंच तर मेली ही." मीही कमी नव्हतो. दुसरा कारागीर बघतो, असं दोनदा तोंडावर बोलून दाखवलं. "बघ की," त्या म्हणाल्या. "वापीला जा, तिथं कारखाने हायेत. लय लांब हाय. तेवढंच मला बरं."

मग त्यांच्या भावकीतल्या एका मुलीची हळद आली. आमच्याकडे आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. ती होती पळस्प्याच्या त्याच लॉनवर. मला याची काहीच कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर गेलो, तर ग्राइंडर बंद. काकी खुर्चीवर बसल्या होत्या. हाताला हळद लागलेली. 'काय फोडलंस' आलं नाही.

"अलिबाग लय जवळ आलं रे, मास्तर," त्या म्हणाल्या.

मला लगेच कळलं. 

"मधोमध ठेवलीय. बरफ भरून. त्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या. पोरं बाटल्या काढतात आनी झाकनं तिच्यातच टाकतात. बरफाचं पानी जायला तळाला भोकं पाडलीत. मी हात घालून मोजली. पाच."

"काकी, ती जुनी झाली होती. कुणी घेत नव्हतं. मी काय करणार होतो?"

"मला सांगनार होतास."

"तुम्हाला काय करायची होती होडी?"

हा प्रश्न विचारायला नको होता. तोंडातून निघाल्यावर कळलं. त्यांचा चेहरा जसा होता तसाच राहिला, पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिल्या.

"ती माझी पहिली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या एकटीची. विकलीस, वीक. तुझी होती. पन खोटं का बोललास? मी तुला मारनार होते?"

मला वाटलं, आता म्हणतील घेऊन जा तुझी खाट. तसं म्हणाल्या असत्या तर मी नेलीही असती आणि विषय तिथेच संपला असता. पण अर्धं काम त्या शेडमधून जात नसे.

"मी हिला आता हात लावनार नाय," त्या म्हणाल्या. "आनी अर्धी न्यायची पन नाय. तू कर."

"मला येत नाही."

"मग शिक. मास्तर हायेस ना?"

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत अपमानाचे. त्या खुर्ची टाकून बसत आणि मी काम करायचो. त्या चुकूनही 'असं कर' म्हणत नसत. मी केलं की 'चुकलं' म्हणत. कडा पुरेशी उतरती घासली नाही, चुकलं. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला, डबा हातात तापला आणि धूर यायला लागला. "फेक, फेक! बाहेर फेक, येड्या!" मी फेकला, तो त्यांच्या तुळशीच्या कुंडीजवळ पडला, त्यावरून आणखी अर्धा तास. शेडमध्ये झाकणं घ्यायला आलेली माणसं उभी राहून बघत. मी, पन्नाशी ओलांडलेला, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीत, खाजवत उभा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला तशा अवस्थेत पाहिलं आणि नमस्कार करून चटकन निघून गेले.

एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसायच्या. तोंडाला मास्क लावल्याशिवाय मला ग्राइंडर हातात घेऊ देत नसत. "तुम्ही कुठे लावता?" मी एकदा उलट विचारलं. "माझं झालं ते झालं," त्या म्हणाल्या आणि खोकत उठून गेल्या. तेव्हा मी रागात होतो. त्या खोकल्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

काचेच्या मॅटचे थर एकावर एक घालायचे, प्रत्येक थर रेझिनने भिजवायचा आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. सगळे थर घालून झाले, वाळले, आणि मी स्वतःवर खूश होऊन उभा राहिलो. काकी उठल्या. चमचा काढला. टणटण, टणटण, टणटण, आणि एका जागी, रुपयाएवढ्या जागेत, बद्द.

"हवा हाय."

"एवढीशी आहे काकी. कोपऱ्यात आहे. तिथे काही जोर येत नाही."

"काढ."

"फक्त तेवढं काढतो."

"सगळं काढ."

मी रोलर भिरकावला. तो पत्र्यावर आपटला. मी ओरडलो की तुम्ही सूड घेताय, एका जुन्या डबड्यासाठी माणसाला दोन महिने छळताय, माझी चूक झाली ती झाली, आता काय जन्मभर फेडू का? मीनलसुद्धा मला इतकं कधी बोललेली नाही, असंही काहीतरी बोललो. शेडबाहेर जाळं विणत बसलेली माणसं आत डोकावू लागली.

काकी खुर्चीत बसल्या. "तुझी बायको बसनार ना ह्या खाटेवर?"

"हो."

"मग काढ."

मी तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो आणि सगळे थर घासून काढले. पुन्हा घातले. या वेळी चमचा सगळीकडे टणटण वाजला.  त्यांनी तो कमरेला खोचला आणि खुर्ची उचलून आत नेली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. काम पुरं झालं होतं, त्यामुळे शिव्या द्यायलाही कारण उरलं नव्हतं.

त्याआधी, काम चालू असताना, मी एकदा लॉनवाल्याकडे होडी परत मागायला जाऊन आलो होतो. त्याने साफ नाही म्हटलं, लोक तिच्यापाशी फोटो काढतात म्हणाला. हे काकींना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, निदान प्रयत्न केला याचं बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "कोनासाठी गेलतास? माझ्यासाठी, का तुला झोप यावी म्हनून?" याचं उत्तर त्यांना माहीत होतं आणि मलाही.

पावसाळा सरल्यावर भरतीच्या वेळी कॅटामरान पाण्यात उतरवली. काकी आल्या नाहीत. पहिले काही रविवार सुंदर गेले. मीनल कापडावर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, हे आधी का नाही घेतलंस? मग एका रविवारी खाडीच्या रुंद पात्रात वाऱ्याचा एक झोत अचानक आला. डाव्या होडक्याचं नाक पाण्यात घुसलं, मागचा भाग वर उचलला गेला आणि आम्ही दोघं पुढे फेकलो गेलो. होडी आडवी झाली. एक होडकं पाण्यात, दुसरं आमच्या डोक्यावर हवेत. ओहोटी लागली होती, पाणी बाहेर ओढत होतं आणि काठ लांब होता. उलटलेली कॅटामरान सरळ करायला वरच्या होडक्यावरून दोरी टाकून दोघांनी मागे लटकावं लागतं. होडीचं आणि आमचं सगळं वजन त्या वेळी सांध्यांवर येतं. आम्ही लटकलो. एकदा, दोनदा. पुढच्या सांध्यातून करकर आवाज येत होता. मीनलने विचारलं, "हे तुटणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही." मी हे तिला धीर द्यायला म्हणालो नव्हतो. त्या सांध्याची इंच न् इंच जागा मी दोनदा घातली होती, त्यात काय आहे ते मला माहीत होतं. तिसऱ्या वेळी शीड पाण्यातून सुटलं आणि होडी सरळ झाली.

त्याच संध्याकाळी ओल्या कपड्यांनी शेडवर गेलो. कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, काकींना श्वासाचा त्रास वाढलाय, आठ दिवस झाले घरीच आहेत.

घरी त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं, नाकाला नळी. सुनेने मला खुर्ची दिली. मी काय झालं ते सगळं सांगितलं. त्या छताकडे बघत ऐकत होत्या.

"सांधा?" त्यांनी विचारलं.

"काही झालं नाही."

त्यांनी मान हलवली.  मग मी म्हटलं, "काकी, माझं चुकलं. त्या वेळी खरं सांगायला हवं होतं."

कुणीही 'जाऊ दे आता' म्हणालं असतं. मरणाच्या दारातली माणसं तर तसं म्हणतातच. सूनही पुढे होऊन म्हणाली, "तसं नाय हो सर, मम्मी इसरल्या पन ते."

"कोन इसरलं?" काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, एकेक शब्दाला श्वास घेत, "हो. चुकलं तुझं."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी माझ्याशी त्या गोष्टीबद्दल सरळ बोललं, असं वाटलं. चहा आला, तो मी प्यालो. निघताना नमस्कार केला. त्यांनी डोळे मिटले होते.

त्यानंतर महिन्याभरात काकी गेल्या. दहाव्याला खाडीवर गावातली बरीच माणसं होती. मी मागे उभा होतो. विधी आटोपल्यावर बाळाराम नावाचा एक मच्छीमार माझ्याकडे आला. त्याला मी तोंडओळखीने जाणत होतो. त्याच्या लाकडी होडीला काकींनीच फायबर चढवलं होतं, आणि आता मागच्या बाजूला फट पडून पाणी येत होतं.

"तुमी याल का बघायला?" त्याने विचारलं.

"मी कारागीर नाही हो. मी फक्त माझीच होडी केली, तीही शिव्या खात. तुम्ही एखाद्या चांगल्या माणसाला दाखवा."

"काकीला इचारलं व्हतं मी, गेल्या महिन्यात," तो म्हणाला. "आता कोनाकडं जाऊ म्हनून. त्या बोलल्या, खारघरच्या मास्तरकडं जा. खोटारडा हाय, पन काम खोटं करत नाय."

आजूबाजूला माणसं पाय धूत होती, कुणीतरी पानं गोळा करत होतं. मीही पाय धुतले. मग चपला घातल्या.

"होडी कुठे आहे?" मी विचारलं.